माउंट डॅना: टायोगा पासवरून एका दिवसात १३,००० फुटांवर कसं जायचं, सगळं सविस्तर

कॅलिफोर्नियातलं योसेमिटी नॅशनल पार्क म्हटलं की आपली सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली मंडळी व्हॅलीत जातात, टनेल व्ह्यूच्या गर्दीत फोटो काढतात, धबधबा बघतात आणि संध्याकाळी परत फिरतात, फार तर हाफ डोम ह्या प्रसिद्ध सुळक्यावर चढायच्या परमिटच्या लॉटरीत नाव टाकतात आणि नंबर नाही लागला की पुढच्या वर्षी बघू म्हणतात. व्हॅली सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पार्कच्या पूर्व टोकाला, टायोगा पासच्या गेटला अगदी लागून, माउंट डॅना उभा आहे, उंची १३,०६१ फूट म्हणजे ३,९८१ मीटर, आणि अख्ख्या पार्कात उंचीला दुसरा. पहिला माउंट लायल, तो १३,११४ फूट, म्हणजे डॅनाहून जेमतेम पन्नासेक फूट जास्त, पण लायलला जायचं तर लांबची चाल आहे आणि वर बर्फ-खडकाचं काम. डॅनाला लॉटरी नाही, दिवसाच्या दिवसात परत येणार असाल तर परमिट लागत नाही, दोर लागत नाही, सकाळी निघालं की दुपारी खाली. उन्हाळ्यात त्या गेटातून गाड्यांची रांग चालू असते पण त्यातले फारच थोडे लोक गाडी बाजूला लावून उजवीकडच्या त्या तांबूस डोंगराकडे चालायला लागतात.

आता मुद्द्याचं. अंतर जाऊन येऊन साधारण सहा मैल, ऐकायला किती छोटं वाटतं ना! त्यातच लोक फसतात. तीन मैलात ३,१०० फूट चढायचं आहे आणि ते सुद्धा सुरुवातच ९,९४५ फुटांवर. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट, म्हणजे गाडी जिथे लावता तीच जागा कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. त्यामुळे मी सगळ्यांना हेच सांगते, ही हाइक पायांपेक्षा जास्त दोन गोष्टींवर ठरते: आदल्या रात्री तुम्ही कुठे झोपलात आणि सकाळी किती वाजता निघालात. ह्या दोन गोष्टी जमवल्या तर बऱ्यापैकी चालणाऱ्या माणसाला डॅना जमतो, आणि नाही जमवल्या तर मॅरेथॉन पळणारा सुद्धा पठारावर डोकं धरून बसलेला दिसतो.

कधी जायचं

टायोगा रोड हिवाळ्यात बंद असतो. साधारण मे अखेर ते जूनमध्ये उघडतो आणि नोव्हेंबरच्या आसपास पहिला मोठा बर्फ पडला की बंद होतो, पण हे दरवर्षी बदलतं, २०२३ ला इतका बर्फ झाला होता की रस्ता जुलै संपत आला तेव्हा उघडला. रस्ता उघडला म्हणजे डोंगर मोकळा झाला असं मात्र नाही, जूनमध्ये वरच्या उतारावर बर्फाचे पट्टे असतात, सकाळी ते काचेसारखे कडक आणि दुपारी गुडघाभर मऊ. बर्फावर चालायची सवय आणि सामान नसेल तर थांबा.

माझ्या मते सगळ्यात छान काळ जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, कारण तेव्हा फुलं असतात आणि फुलांशिवाय डॅना म्हणजे अर्धाच डॅना. त्या काळाचे दोन त्रास आहेत, खालच्या कुरणात डास, आणि दुपारचं वादळ. सप्टेंबरमध्ये डास नाहीत, वादळं कमी, हवा एकदम स्वच्छ, गवत सोनेरी झालेलं, पण फुलं गेलेली आणि सकाळी गोठवणारी थंडी. पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणार असाल आणि वादळाची धास्ती वाटत असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर हा एक वेगळा प्रश्न असतो, निघायच्या आदल्या दिवशी हवेचा एअर क्वालिटी इंडेक्स बघाच. धुरात १३,००० फूट चढायला जाऊ नका, आधीच तिथे श्वास कमी पडतो.

आदला दिवस, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा

बे एरियातून पहाटे दोनला उठून, पाच तास गाडी चालवून, समुद्रसपाटीवरून थेट दहा हजार फुटांवर येऊन लगेच चढायला सुरुवात, हा प्लॅन मी खूप ग्रुप्समध्ये ऐकलाय आणि प्रत्येक वेळी नको म्हणून सांगितलंय. शरीराला एक रात्र द्या. टायोगा पासला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो आणि माथ्यावर साठ-बासष्ट टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन तेवढाच कमी. एका रात्रीत शरीर पूर्ण सरावत नाही पण डोकेदुखी आणि मळमळ होण्याची शक्यता चांगलीच कमी होते.

म्हणून असं करा. शुक्रवारी सुट्टी काढून सकाळी निघा, ओकडेल, ग्रोव्हलँड करत १२० नंबरच्या रस्त्याने बिग ओक फ्लॅटच्या गेटातून आत या, क्रेन फ्लॅटला पेट्रोल भरून घ्या आणि तिथून टायोगा रोड धरा. क्रेन फ्लॅटपासून टायोगा पास ४६ मैल आहे आणि ह्या ४६ मैलांची घाई करू नका. ओल्मस्टेड पॉइंटला थांबा, तिथून हाफ डोमची मागची बाजू दिसते. पुढे टेनाया लेक, पाय पाण्यात सोडून तिथे डबा खायचा. मग टुओलमी मेडोज. एलए कडून येणारे ३९५ ने ली व्हायनिंगला येतात आणि तिथून बारा मैलात तीन हजार फूट चढून पासला पोचतात, तो घाटही बघण्यासारखा आहे, एका बाजूला उभी दरी आहे त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा.

रात्रीचा मुक्काम जमेल तेवढा उंचावर पण झेपेल असा. टुओलमी मेडोजचं कॅम्पग्राउंड साधारण ८,६०० फुटांवर आहे, मोठं आहे, पण बुकिंग पटापट संपतं. पासच्या पलीकडे, पार्कच्या बाहेर, इन्यो नॅशनल फॉरेस्टची टायोगा लेक आणि एलरी लेकची छोटी कॅम्पग्राउंड्स आहेत, साडेनऊ हजार फुटांच्या वर, जागा थोड्या असतात म्हणून दुपारीच पोचलेलं बरं. कॅम्पिंग नको असेल तर ली व्हायनिंगला मोटेल्स आहेत, ते पावणेसात हजार फुटांवर, झोप छान लागते आणि सकाळी अर्ध्या तासात पास गाठता येतो. तंबूत झोपणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ऑगस्टमध्येसुद्धा तिथे रात्री पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो, घरातली दुलई पुरणार नाही, नीट स्लीपिंग बॅग हवी.

संध्याकाळी हातात दोन-तीन तास असतील तर गेलर लेक्सला जाऊन या. ट्रेल टायोगा पासच्या गेटलाच सुरू होतो, डॅनाच्या अगदी समोरच्या बाजूला. पहिला अर्धा-पाऊण तास चढ खडा आहे, मग एकदम वर धारेवर आलं की पलीकडे निळं तळं आणि मागे वळून बघितलं तर समोर उद्याचा डोंगर पूर्णच्या पूर्ण! वाट कुठून जाते, पठार कुठे आहे, शेवटचा घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार, कसा आहे ते सगळं इथून वाचता येतं, फोटो काढून ठेवा, उद्या कामाला येतो. शिवाय थोडं वर चढून खाली येऊन झोपणं हे उंचीची सवय व्हायला फार चांगलं. वरच्या तळ्याच्या पलीकडे ग्रेट सिएरा माइनचे पडके दगडी अवशेष आहेत, चांदी मिळेल ह्या आशेने १८८० च्या सुमाराला लोक इथे खणत होते आणि त्या खाणीसाठीच १८८३ मध्ये हा टायोगाचा रस्ता बांधून झाला. चांदी काही कामाची निघाली नाही. रस्ता तेवढा राहिला, १९१५ मध्ये स्टीफन माथर (पुढे नॅशनल पार्क सर्व्हिसचे पहिले प्रमुख झाले ते) ह्यांनी तो विकत घ्यायची खटपट केली आणि सरकारला देऊन टाकला, म्हणून आज आपण गाडीने दहा हजार फुटांवर जाऊ शकतो.

त्या दिवशी भरपूर पाणी प्या, दारू टाळा, जेवण हलकं. ज्यांना आधी उंचीचा त्रास झालाय त्यांनी डायमॉक्स ह्या त्यावरच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना जायच्या आधी दोन आठवडे विचारावं, मित्राने दिली म्हणून गोळी घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी.

एन्ट्री आणि नियम थोडक्यात. गाडीची फी ३५ डॉलर, सात दिवस चालते, ८० डॉलरचा वार्षिक पास असेल तर तोच चालतो. भारतातून आई-बाबा किंवा काका-काकू आले असतील तर एक गोष्ट बघून घ्या, २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना योसेमिटीसारख्या मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा लागतात, किंवा मग त्यांच्यासाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे. इथल्या रहिवाशांनी आपलं इथलं फोटो आयडी जवळ ठेवा. काही वर्षी उन्हाळ्यात गेटच्या वेळेचं रिझर्वेशनही लागतं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात पार्कच्या साइटवर नजर टाकाच. कुत्र्याला ट्रेलवर न्यायची परवानगी नाही, ड्रोनलाही नाही. आणि अस्वलं: रात्री गाडीत खाण्याची एकही गोष्ट ठेवायची नाही, चिवड्याचं रिकामं पाकीट नाही, टूथपेस्ट नाही, सगळं लोखंडी फूड लॉकरमध्ये.

बॅगेत काय

पाणी माणशी किमान तीन लिटर. कुरण सोडलं की वर भरवशाचं पाणी नाही, बर्फाच्या पट्ट्याखालून झरा वाहत असतो कधी कधी, पण त्यावर विसंबू नका, आणि झऱ्याचं पाणी घेतलंच तर गाळून घ्या.

खायला मी तरी आपल्याच वस्तू नेते कारण उंचीवर भूक मरते आणि तेव्हा अनोळखी प्रोटीन बार घशाखाली उतरत नाही, पण दशमी आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी उतरते. गुळपोळी, तीळगुळाचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, हे सगळं वजनाला कमी आणि ताकदीला भरपूर. लिंबू-मीठ-साखर पाण्यात घालून एक बाटली वेगळी ठेवा, किंवा इलेक्ट्रॉलची पाकिटं. दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन घास, भूक लागायची वाट बघायची नाही.

कपडे थरांचे. सकाळी खाली तीन-चार डिग्री, दुपारी उन्हात टीशर्ट, माथ्यावर वारा असा की टोपी उडून जाते. म्हणून एक पातळ लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, आणि हे ऑगस्टमध्येसुद्धा. सनस्क्रीन, गॉगल, ओठांना लावायचं काहीतरी, कारण तेवढ्या उंचीवर ऊन भाजून काढतं आणि थंड वाऱ्यात ते कळतही नाही. बूट चांगल्या ग्रिपचे, घोट्याला आधार असेल तर उत्तम. काठ्या आणा, उतरताना गुडघे आशीर्वाद देतील. हेडटॉर्च, फर्स्ट एड, आणि फोनमध्ये ऑफलाइन नकाशा डाउनलोड केलेला, कारण मोबाइलच्या सिग्नलवर तिथे भरवसा ठेवता येत नाही. कुठे चाललोय आणि कधी परत येणार हे खाली कोणाला तरी सांगून ठेवा.

सकाळ: कुरणातून

सहाला चालायला सुरुवात करायची, साडेसहा म्हणजे शेवटची मुदत. गेटच्या आत लगेच छोटं पार्किंग आहे, तिथेच गेलर लेक्सचा ट्रेलहेड आणि टॉयलेट. ते वापरून घ्या, कारण वर सगळे दगडच दगड आहेत आणि खड्डा खणायला मातीच नाही. (कचऱ्याची आणि टॉयलेट पेपरची एक बंद पिशवी बरोबर असू द्या, सगळं खाली आणायचं.)

डॅनाची वाट रस्त्याच्या पूर्वेकडून सुटते, गेटच्या जवळूनच. ही पार्कने बांधलेली, पाट्या लावलेली वाट नाही, वर्षानुवर्षं लोक चालून पडलेली पायवाट आहे, पण खालच्या भागात ती अगदी ठळक दिसते. पहिला अर्धा मैल जवळजवळ सपाट, डॅना मेडोजमधून, दोन्ही बाजूला छोटी छोटी तळी आणि पहाटे वारा नसेल तर त्यात मॅमथ पीक आणि कुना क्रेस्टचं प्रतिबिंब. ही तळी हिमनदीने मागे ठेवलेली आहेत, बर्फाचे मोठे तुकडे गाळात अडकले, मग वितळले आणि त्यांच्या जागी खड्डे राहिले. इथे लोक फोटोसाठी गवतात शिरतात, प्लीज शिरू नका. एवढ्या उंचीवर वाढीचा काळ वर्षातून जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो, एका बुटाने दबलेलं कुरण सावरायला वर्षं लागतात. वाटेवर चिखल असेल तर चिखलातूनच जायचं, बूट धुता येतात.

कुरणात टाचण्या रोवल्यासारख्या ताठ उभ्या राहून शिट्टी मारणाऱ्या खारी दिसतील, त्या बेल्डिंग्ज ग्राउंड स्क्विरल. त्यांना काहीही खायला घालू नका.

चढ, फुलं आणि पठार

तळी संपली की लॉजपोल पाइनच्या विरळ जंगलातून वाट चढायला लागते आणि मग जी चढते ती थांबतच नाही, साधारण सतराशे फूट एका दमात पठारापर्यंत. नागमोडी वळणं फारशी नाहीत, सरळ चढ. इथे सगळ्यांची एकच चूक होते, सुरुवातीच्या उत्साहात वेगाने जायचं आणि वीस मिनिटांनी धापा टाकत बसायचं. त्याऐवजी इतक्या हळू चाला की बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, बोलताना श्वास तुटला की वेग जास्त आहे असं समजायचं. चढ खूप खडा असेल तिथे एक पाऊल टाकलं की मागच्या पायावर क्षणभर वजन ठेवून उभं राहायचं, मग पुढचं पाऊल, सह्याद्रीत कोणी हे शिकवत नाही कारण तिथे गरज पडत नाही. दर पंचवीस-तीस मिनिटांनी दोन मिनिटं थांबा, पाणी प्या, पण पंधरा मिनिटं बसकण मारू नका, अंग थंड पडतं.

झाडं कमी होत जातात आणि शेवटी व्हाइटबार्क पाइन तेवढे राहतात, वाऱ्याने पिळवटलेले, काही तर कमरेएवढे बुटके पण वयाने शेकडो वर्षांचे असू शकतात. त्यांच्यावर राखाडी-काळा-पांढरा एक कर्कश ओरडणारा पक्षी दिसतो, क्लार्क्स नटक्रॅकर. हा पक्षी पाइनच्या बिया उचलून जमिनीत हजारो ठिकाणी पुरून ठेवतो आणि ज्या खायच्या राहतात त्यातून नवी झाडं उगवतात, म्हणजे ह्या उंचीवरचं जंगल जवळजवळ त्याच्याच लागवडीवर चाललंय. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हापासून मी त्या कर्कश आवाजाकडे वेगळ्याच कानांनी ऐकते.

आणि मग फुलांचा उतार. जुलैच्या उत्तरार्धात इथे बर्फ वितळून पाझरणाऱ्या ओहोळांच्या कडेने निळे-जांभळे लुपिन, लालभडक इंडियन पेंटब्रश, पिवळी डेझीसारखी फुलं, सगळं गुडघ्याएवढ्या उंचीत गच्च. कासच्या पठारावर ज्यांनी सप्टेंबर काढलाय त्यांना फुलांनी भरलेली जमीन नवी नाही, पण इथे ती फुलं उभ्या चढावर आहेत आणि मागे बर्फाचे सुळके. थांबा इथे. घड्याळ बघून दहा मिनिटं द्या, ह्या जागेला द्यायलाच हवीत.

साधारण ११,६०० फुटांवर चढ एकदम मोकळा होतो आणि रुंद, दगडी पठार लागतं. तिथे दगड रचून केलेली एक मोठी खूण आहे. सहाला निघाला असाल तर इथे आठ-साडेआठ व्हायला हवेत. बसा, खा, आणि एकमेकांना नीट बघा, अगदी मोकळेपणाने विचारा, डोकं दुखतंय का, मळमळतंय का, खायची इच्छा आहे का. हलकी डोकेदुखी असेल तर अर्धा तास विश्रांती, पाणी, आणि बरं वाटलं तरच पुढे. उलटी झाली, चक्कर येतेय, डोकं वाढत्या प्रमाणात ठणकतंय, तर इथूनच खाली, आणि त्या माणसाला एकट्याला पाठवायचं नाही, कोणीतरी बरोबर जायचं. चालताना झोक जातोय, किंवा बसल्या जागीसुद्धा धाप लागतेय तर ती इमर्जन्सी आहे, एक मिनिट न घालवता उतरवायचं, उंचीच्या आजाराला उतरणं हाच खरा उपाय. ग्रुपमध्ये कोणी दादा म्हणेल की एवढं आलोय तर थोडं ढकलू या, त्यांचं इथे ऐकायचं नाही.

दुसरी तपासणी आभाळाची. साडेआठ-नऊलाच फुलकोबीसारखे ढग वर वर वाढायला लागले असतील तर दुपारपर्यंत ते गडगडणार. माथ्यावर आणि ह्या पठारावर लपायला काहीही नाही, तुम्हीच सगळ्यात उंच वस्तू असता. नियम सोपा ठेवा, काहीही झालं तरी दुपारी बाराला माथा सोडलेला असला पाहिजे, आणि गडगडाट ऐकू आला की जिथे असाल तिथून उलटं फिरायचं.

पठारापासून माथा

आता शेवटचे दीड हजार फूट, आणि इथे डोंगराचा स्वभावच बदलतो. खाली टुओलमीला जो पांढरा गुळगुळीत ग्रॅनाइट बघितला तो इथे नाही, डॅनाचा दगड तांबूस-तपकिरी, चपटा, फुटका, आणि ग्रॅनाइटपेक्षा जुना. ग्रॅनाइटचा रस खालून वर घुसायच्या आधी जे खडक इथे होते त्यांचं हे छप्पर, तापून-दाबून रूप बदललेलं, बाकी सगळीकडचं झिजून गेलं आणि इथे शिल्लक राहिलं.

ह्या घसाऱ्यावर एक अशी वाट नाही, पाच-सहा पायवाटा एकमेकींत मिसळतात आणि मध्येच हरवतात. नुसता माथा समोर ठेवून सरळ नाकासमोर चढलं तर भुसभुशीत खडीत अडकायला होतं, दोन पावलं वर एक पाऊल खाली. मोठे, बसलेले दगड बघून त्यांच्यावरून चढा, पाय ठेवायच्या आधी टोकाने दाबून बघा, हलतोय का. मोठ्या दगडांवर काठी फटीत अडकते, तिथे काठ्या बॅगेला लावून हात वापरा. ग्रुपने एकाखाली एक चालू नका, थोडे तिरके चाला, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्यावर येऊ नये म्हणून, आणि दगड सुटलाच तर मोठ्याने ओरडायचं, लाजायचं नाही. डावीकडे, उत्तरेच्या कडेला फार जाऊ नका, पलीकडे डॅना ग्लेशियरच्या घळीत सरळ कडा कोसळतो.

इथे वेळ लागतो. दीड तास, कधी दोन. शंभर पावलं मोजून थांबायचं, मग पन्नास, मग वीस, ह्यात कमीपणा काहीच नाही, तेरा हजार फुटांवर सगळेच असे चढतात.

वरच्या हजार फुटांत डोळे दगडांच्या फटीत ठेवा. स्काय पायलट नावाचं निळं-जांभळं फूल फक्त ह्या सिएराच्या उंच माथ्यांवर येतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. मूठभर आकाराचा फुलांचा गोळा, आसपास गवताचं पातं नाही, माती दिसत नाही, आणि हे मात्र दगडाच्या आडोशाला डोलत असतं. जवळ गेलं की गोडसर-उग्र वास येतो. तोडायचं नाही हे वेगळं सांगायला नको. दगडांतून चिऽ असा बारीक आवाज आला तर तो पिका, सशाचा लहानसा नातेवाईक, उन्हाळाभर गवत कापून वाळवून दगडाखाली साठवतो.

माथ्यावर

वर पोचलात की पहिल्यांदा जॅकेट घाला, मग बघा. पूर्वेला जमीन एकदम सहा हजार फूट खाली पडते आणि तिथे मोनो लेक, वाळवंटात ठेवलेलं प्रचंड तळं, मध्ये दोन बेटं, एक काळं आणि एक फिकट. काळं नेगिट, मोठं फिकट पाओहा. तळ्याच्या दक्षिणेला राखाडी ज्वालामुखींची रांग, ते मोनो क्रेटर्स. ह्या तळ्यातून पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे ते समुद्राहून दुप्पट-तिप्पट खारं आहे, मासे नाहीत पण बारीक कोळंबी आणि माश्या अमाप, आणि त्या माश्यांच्या कोशांवर इथले मूळ रहिवासी कुत्झाडिका पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या जगले. १९४१ पासून लॉस एंजेलिसने ह्या तळ्याला मिळणारे ओढे आपल्याकडे वळवले आणि तळं आटत गेलं, मग लोक लढले आणि १९९४ मध्ये राज्याच्या पाणी बोर्डाने पातळी ६,३९२ फुटांपर्यंत वर आणायचा आदेश दिला. अजून ती गाठलेली नाही. काठाभोवतीचा जो पांढरा पट्टा वरून दिसतो तो सगळा आटलेल्या पाण्याचा.

पश्चिमेला वळा, टुओलमीची कुरणं, कॅथीड्रल रेंजचे सुळके, उत्तरेला माउंट कॉनेस आणि सॅडलबॅग लेक, दक्षिणेला अगदी शेजारी माउंट गिब्ज, त्यामागे लायल, आणि हवा स्वच्छ असेल तर रिटर आणि बॅनरची जोडी. २८ जून १८६३ ला विल्यम ब्रूअर आणि चार्ल्स हॉफमन हे कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे दोघे इथे चढले आणि त्यांच्या तुकडीने डोंगराला जेम्स ड्वाइट डॅना ह्या भूवैज्ञानिकाचं नाव दिलं. नैऋत्येला लायलखाली जो बर्फ दिसतो त्याबद्दल एक गोष्ट मनाला लागते, लायल ग्लेशियर आता सरकत नाही असं पार्कने २०१३ मध्ये जाहीर केलं, म्हणजे ती हिमनदी म्हणून संपली, उरलाय तो साठलेला बर्फ. उत्तर कड्याखालचा डॅना ग्लेशियरही किती आक्रसलाय ते सावधपणे कडेपासून अंतर ठेवून बघा. आपल्या मुलांना हे दाखवायचं असेल तर फार उशीर करू नका.

वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मग खाली.

उतरताना

पडझड होते ती बहुतेक उतरतानाच, कारण काम झालं असं मन म्हणत असतं आणि पाय थकलेले असतात. घसाऱ्यावर पळायचं नाही. रस्ता खाली दिसतो म्हणून त्याच्या दिशेने सरळ कापत जायचा मोह होतो, तो आवरा, आधी पठारावरची ती मोठी दगडी खूण गाठायची, तिथून ठळक वाट पकडायची, नाहीतर खडे टप्पे आणि ओलसर कुरणं ह्यात अडकायला होतं. काल गेलरवरून काढलेला फोटो इथे उघडून बघा. वाटेत स्वतःच्या हौसेने नव्या दगडी खुणा रचू नका, त्या पुढच्या माणसाला चुकवतात.

उतरायला अडीच-तीन तास धरा, गुडघे कुरकुरणारे असतील तर जास्त. दीड-दोनपर्यंत गाडीशी आलात की वेळ उत्तम जमली.

लहान मुलांचं विचारतात खूप जण. नेहमी चालणारी बारा-तेरा वर्षांपुढची मुलं हे करू शकतात पण त्यांचं डोकं दुखलं तर मोठ्यांनी परत फिरायची तयारी ठेवायची. त्याहून लहान मुलांना, किंवा रक्तदाब, हृदयाचा त्रास असलेल्या आई-बाबांना ह्या चढावर आणू नका. त्यांच्यासाठी डॅना मेडोजच्या तळ्यांपर्यंतची सपाट चाल आहे आणि ती खरंच सुंदर आहे, आम्ही ग्रुपमध्ये तसंच करतो, काही जण वर आणि काही जण तळ्याकाठी, पण उंची तिथेही दहा हजारच आहे तेव्हा त्यांनीही जपून, हळूहळू.

शेवटचं, त्याच दिवशी बे एरियाला परत गाडी हाकू नका. पहाटे उठलेले, उंचीवर दमलेले, पोटभर जेवलेले, आणि पुढे पाच तास वळणाचा रस्ता, हे धोक्याचं आहे. ली व्हायनिंगला उतरा, १२० आणि ३९५ च्या तिठ्यावर पेट्रोल पंपातच व्होआ नेली डेली आहे, तिथे हाइक करून आलेले सगळे भेटतात, जेवण गरम आणि भरपूर, शाकाहारी मंडळींनाही काही ना काही मिळतं. रात्री तिथेच राहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोनो लेकच्या साउथ टुफाला तासभर द्या, काल जे तळं वरून बघितलं त्याच्या काठावरचे चुन्याचे पांढरे खांब जवळून बघता येतात, आणि मग निवांत नाश्ता करून दहाच्या सुमाराला परतीला लागा, रविवारच्या ट्रॅफिकच्या आधी ओकडेल पार होतं.